काय बंद करू, मॅडम?

नवा रुग्ण समोर बसला की पहिला प्रश्न बहुतेक हाच येतो. कधी तो रुग्ण विचारतो, कधी त्याची बायको, कधी वही-पेन घेऊन बसलेला मुलगा. काय द्यायचं, किती द्यायचं, हे सगळं नंतर. कर्करोग रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मी सगळ्याच आजारांत ऐकते, पण त्वचेच्या लिम्फोमाचे रुग्ण तो ज्या घाईने विचारतात तशी घाई इतरांना नसते. आपल्याकडे अंगावर काहीही उठलं की आधी बोट जातं ते ताटाकडे. वांगं खाल्लं असेल, दूध आणि मासे एकत्र झाले असतील, आंबट फार होतंय, मीठ सोडून बघा. ही माणसं माझ्यापर्यंत पोचतात तोवर ताटातले अर्धे पदार्थ गेलेले असतात. उरलेल्यातलं काय काढायचं, ते विचारायला ती आलेली असतात.

मायकोसिस फंगॉइडिस हा या लिम्फोमाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशींपैकी काही बिघडतात आणि त्वचेत ठाण मांडतात. झाँ-लुई अलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी १८०६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. अंगावरच्या गाठी अळंबीसारख्या दिसल्या म्हणून हे नाव पडलं, बुरशीचा त्यात काही हात नाही. आजार दुर्मीळ आहे. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदी पाहिल्या तर त्वचेचे टी-पेशी लिम्फोमा सगळे मिळून वर्षाला दहा लाखांत दहा जणांनाही होत नाहीत, आणि त्यातले निम्म्याहून अधिक रुग्ण याच प्रकारचे असतात. सुरुवात अगदी साधी असते. कमरेभोवती, मांडीवर, ढुंगणावर, जिथे ऊन पोचत नाही अशा जागी चट्टे येतात. आपल्या सावळ्या त्वचेवर ते कधी लाल न दिसता फिकट पांढुरके दिसतात. मग कुणी गजकर्ण म्हणतं, कुणी सोरायसिस, कुणी कोड, आणि गावात कुष्ठरोगाची कुजबुज सुरू होते. तुकडा काढून तपासल्यावरही पहिल्या खेपेला नक्की निदान होईलच असं नाही. या सगळ्यात कित्येक वर्षं जातात आणि त्या प्रत्येक वर्षात पथ्याच्या यादीत भर पडत राहते.

रिपोर्टवर ‘फंगॉइडिस’ वाचून काहींनी इडली, ढोकळा, पाव, ताक असं आंबवलेलं सगळं सोडलेलं असतं. आंबवलेल्या पदार्थांचा या पेशींशी संबंध नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगते आणि दही-ताक ताटात परत आणते.

साताऱ्याकडचे एक काका आठवतात. शेतकरी माणूस, उंचापुरा, पण सदरा खांद्यावरून ओघळत होता. चट्ट्यांवर आधी मलमं, मग गावठी औषधं, मग पथ्य असं करत करत त्यांच्याकडे उरलं होतं ते इतकं: दोन्ही वेळच्या मिळून तीन भाकऱ्या, दुधी भोपळ्याची अळणी भाजी, मुगाचं पातळ वरण वाटीभर, थोडा भात आणि कोरा चहा. दूध बंद, अंडी बंद, मासळी बंद, डाळींमध्ये मूग सोडून बाकी सगळ्या बंद, शेंगदाणे ‘उष्ण’ म्हणून बंद. “सवय झाली आता,” ते म्हणाले, “पर अंगात ताकद म्हून न्हाई.” मी त्यांच्यासमोरच बेरीज मांडली. ज्वारीच्या एका भाकरीत साधारण ५ ग्रॅम प्रथिनं धरली, वरणात ४-५, भातात आणखी थोडी. दिवसभराचा आकडा जेमतेम २५ ग्रॅमवर आला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी माणसालाही वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५०. कर्करोगाच्या रुग्णांसाठी युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं दर किलोला १ ग्रॅमहून अधिक, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत द्या असं सांगतात, आणि उष्मांक दर किलोला २५ ते ३०. म्हणजे ६० किलोच्या हिशोबाने काकांना ६० ते ९० ग्रॅम प्रथिनं हवी होती. त्यांच्या पोटात निरोगी माणसाच्या गरजेच्या निम्मीच जात होती आणि घरातल्या सगळ्यांना वाटत होतं की आपण पथ्य नीट सांभाळतोय.

पहिल्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी माझ्याकडे काही खास आहार नसतो. थोडेसे चट्टे, मलम किंवा अतिनील किरणांचे उपचार, बाकी प्रकृती बरी, अशा माणसाने घरातलं सगळ्यांचं जेवण पोटभर जेवावं. या टप्प्यातले पुष्कळ रुग्ण इतर माणसांइतकंच आयुष्य जगतात. त्यांना पुढे त्रास झाला तर तो मधुमेहाचा, रक्तदाबाचा होण्याची शक्यताही तितकीच. कुठल्याही एका पदार्थाने हा आजार येतो, वाढतो किंवा जातो, असं सिद्ध झालेलं नाही. हे ऐकून काहींचा चेहरा पडतो. आपल्या हातात काहीतरी असावं, ही इच्छा फार खोल असते आणि ती मी समजू शकते. म्हणूनच हातात काय आहे ते मी लगेच पुढे सांगते.

आजार पसरतो तेव्हा मात्र आहार उपचाराइतकाच निकडीचा होतो. काही रुग्णांत त्वचेचा ८० टक्के किंवा त्याहून जास्त भाग लाल होतो आणि सोलवटत राहतो. रक्तातही त्या बिघडलेल्या टी-पेशी सापडल्या तर त्याला सेझारी सिंड्रोम म्हणतात. अल्बेर सेझारी या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी १९३८ मध्ये त्याची नोंद केली होती. आपली त्वचा एरवी महिनाभरात हळूहळू बदलते. इथे हेच काम काही दिवसांत उरकतं. निरोगी माणसाच्या अंगावरून दिवसाला फार तर ग्रॅमभर कोंडा पडतो, या रुग्णांच्या अंगावरून २० ते ३० ग्रॅम, कधी त्याहूनही अधिक. एका काकूंनी नवऱ्याच्या चादरीवरून एका सकाळी झाडलेल्या खपल्या वर्तमानपत्रात बांधून डॉक्टरांना दाखवायला आणल्या होत्या. त्या पुडीत होतं ते जवळजवळ सगळं प्रथिन. शरीराने स्नायूंमधून काढून त्वचेला दिलेलं आणि त्वचेने गादीवर टाकलेलं. त्याच्या सोबतीने लोह आणि फोलेटही जातं.

पाणीही जातं. त्वचेचा बांध सुटल्यामुळे ते दिवसरात्र उडत राहतं आणि सोबत अंगातली ऊब घेऊन जातं. मे महिन्यात, पंखा बंद करून, गोधडी पांघरून कुडकुडत बसलेला रुग्ण मी पाहिला आहे. घरच्यांना वाटत होतं ताप भरलाय. ताप नव्हता, शरीर स्वतःला गरम ठेवण्यासाठी झगडत होतं. लाल त्वचेकडे जास्तीचं रक्त पाठवायला हृदयही वेगाने धावतं. या सगळ्याला इंधन लागतं, आणि नेमकं त्याच वेळी त्याच्या ताटात अळणी दुधी असतो. गळका रांजण भरलेला ठेवायचा तर पाणी ओतत राहावं लागतं, आणि इथे घरच्यांनी ओतणंच थांबवलेलं असतं.

वजनकाट्यावर हे लवकर कळत नाही. प्रथिनं कमी पडली, त्वचेतून रक्तद्रव पाझरला, की पाय सुजतात आणि काटा तेवढाच राहतो, कधी वाढतोसुद्धा. म्हणून मी दंडाचा घेर मोजते, हाताची पकड बघते. बायकांना विचारते, बांगडी आता कुठपर्यंत वर सरकते? ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या का? पुरुषांना विचारते, पट्ट्याला नवं भोक पाडलं का? उत्तरं लगेच येतात. रक्तातल्या अल्ब्युमिनचा आकडाही बघते, पण तो आजाराच्या दाहामुळेही उतरतो. त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून माणूस उपाशी आहे की नाही ते ठरवता येत नाही. सूज दिसली की घरचे मीठ पार तोडतात. किती मीठ कमी करायचं ते हृदय आणि मूत्रपिंडांची स्थिती पाहून डॉक्टर ठरवतात. घरच्या घरी सगळंच अळणी केलं तर माणूस दोन घासांत हात धुतो आणि सूज तशीच राहते. मूत्रपिंडं अधू असतील तर प्रथिनांचा हिशोबही वेगळा करावा लागतो. म्हणून मी वर दिलेले आकडे कुणी दुसऱ्याने जसेच्या तसे उचलू नयेत.

ताटात परत काय घालायचं, हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग. औषधाच्या दुकानातले पावडरचे डबे बहुतेक घरांना महिनाभरही परवडत नाहीत, आणि बहुतेकांना त्यांची गरजही नसते. मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ६-७. सोयाबीनच्या वड्या २५ ग्रॅम घेतल्या तर १२-१३ ग्रॅम. भाजीत दाण्याचं कूट सढळ हाताने घालायचं. वरण पातळ न करता घट्ट ठेवायचं. खिचडीत डाळ आणि तांदूळ सारखे घ्यायचे. ताकातलं पिठलं, मुगाची धिरडी, मटकीची उसळ, सातूचं पीठ, दुधातली नाचणी, भातावर मेतकूट आणि तूप, हे सगळं आपल्याच स्वयंपाकघरातलं आहे. कोकणातल्या माणसाला मी बांगडा, मांदेली परत सुरू करायला सांगते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद बघण्यासारखा असतो. सुकटीत प्रथिनं भरपूर, पण मीठही तितकंच, म्हणून पाय सुजलेले असतील तर ताजी मासळी बरी. साताऱ्याच्या काकांनी सुरुवात शेंगदाण्याच्या चटणीने केली. “उष्ण पडंल” ही धास्ती होतीच. आठ दिवस खाऊन बघा, खाज वाढली तर मला सांगा, एवढंच मी म्हटलं. खाज वाढली नाही. मग दूध आलं, मग अंडं आलं.

खाजेबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण या आजारात माणसाला सगळ्यात जास्त तीच छळते. रात्र रात्र झोप नसते, सकाळी तोंडाला चव नसते. गरम चहा, फार तिखट, दारू यांनी त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि काहींची खाज भडकते. ज्यांना असा अनुभव येतो त्यांनी चहा कोमट करून प्यावा, तिखट कमी करावं. ज्यांना येत नाही त्यांनी उगाच सोडू नये. पहाटे तीनला जाग येतेच, असं सांगणाऱ्यांना मी उशाशी डबा ठेवायला सांगते. राजगिऱ्याचा लाडू, चणे-गूळ, थर्मासमध्ये कोमट दूध. झोप नाही तर नाही, निदान त्या वेळी पोटात काही जावं. रात्रीच्या खाजेसाठी डॉक्टर कधी मिर्टाझापिन नावाची गोळी देतात. तिने झोप येते आणि भूकही वाढते. ती सुरू झाली की मी लगेच ताट वाढवून घेते.

हातांचा प्रश्न पुस्तकांत फारसा सापडत नाही, पण आमच्याकडे रोज दिसतो. सेझारीच्या रुग्णांचे तळहात जाड होतात आणि त्यांना भेगा पडतात. आपण हाताने जेवणारी माणसं. भाकरी मोडायची तर भेग उघडते, आमटीत बोटं बुडवली की तिखट-मीठ आत जाऊन डोळ्यांत पाणी येतं. मग माणूस कोरडा भात चार घास खातो आणि ‘भूक नाही’ म्हणतो. भूक असते, जेवायची हिंमत नसते. जाड दांड्याचा चमचा, दुधात किंवा ताकात कुस्करलेली भाकरी, मऊ खिचडी, मोदकाएवढे भाताचे मुटके, असल्या साध्या गोष्टींनी जेवण दुप्पट होताना मी पाहिलं आहे. म्हातारी माणसं चमच्याने जेवायला लाजतात. त्यांना मुलांनी आग्रह करावा. वेळ पडली तर भरवावं, त्यात कमीपणा काही नाही.

आजारी पडलेली व्यक्ती घरातली बाई असेल तर अडचण कितीतरी पटीने वाढते. पीठ मळायचं, मिरच्या चिरायच्या, कांदा कापायचा, भांडी घासायची, हे सगळं त्याच भेगाळलेल्या हातांनी. मी कागदावर लिहून दिलेला आहार शिजवणार कोण, तर तीच. आणि जेवणार सगळ्यांच्या शेवटी, उरलेलं. अशा वेळी मी नवऱ्याला आणि मुलांना आत बोलावून घेते आणि सरळ सांगते की हिने पुढचे काही महिने मळायचं नाही, चिरायचं नाही, साबणाच्या पाण्यात हात घालायचा नाही, आणि जेवायला सगळ्यांबरोबर बसायचं. विदर्भातून आलेल्या एका ताईंचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पुढच्या खेपेला मोबाइलवर स्वतः केलेल्या भाकरीचा फोटो घेऊन आला होता. भाकरी वेडीवाकडी होती. ताईंच्या दंडाचा घेर मात्र वाढायला लागला होता. माझ्या मते त्या घरात सगळ्यात मोठा बदल त्या मुलाने केला.

आता उपचारांबरोबरच्या खाण्याबद्दल. या रुग्णांना अतिनील किरणांचे उपचार पुष्कळदा देतात. साध्या भाषेत सगळे ‘लाइट घ्यायला जायचंय’ म्हणतात. त्यातल्या एका प्रकारात आधी सोरालेनची गोळी घ्यायची आणि साधारण दोन तासांनी यंत्रात उभं राहायचं. गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळ होते. म्हणून दुधाबरोबर किंवा हलक्या नाश्त्याबरोबर घ्यावी, आणि लाइटच्या दिवशी नाश्ता दर वेळी साधारण सारखाच ठेवावा, कारण पोटात काय आहे त्यावर औषध किती शोषलं जाईल ते ठरतं. मोठ्या प्रमाणात अंजीर, सेलरी, लिंबू त्या दिवशी नको, कारण सोरालेनच्या कुळातली द्रव्यं त्यांच्यातही असतात. पुरंदरकडच्या बागायतदाराला मी आणखी एक गोष्ट बजावते. अंजिराच्या पानांत आणि चिकात हे द्रव्य जास्त असतं, तेव्हा उपचार चालू असताना अंजिराच्या तोडणीला हात लावू नका. हातावर चीक आणि वर ऊन, एवढ्याने निरोगी माणसालाही फोड येतात.

खरा धोका मात्र बावचीचा. कोडावर आयुर्वेदात बावचीच्या बिया पूर्वापार वापरतात, आणि त्या वापरण्यामागे द्रव्य आहे ते हेच, सोरालेन. आमच्या पुष्कळ रुग्णांचं आधी कोड म्हणून निदान झालेलं असल्यामुळे घरात बावचीचं चूर्ण किंवा तेल असतंच. इकडे डॉक्टर लाइटची मात्रा अगदी मोजून देतायत आणि तिकडे रुग्ण सकाळ-संध्याकाळ बावची घेतोय, असं झालं की त्वचा भाजून निघते. रुग्ण हे लपवतात, कारण डॉक्टर रागावतील अशी भीती असते. माझ्यासमोर ते मोकळे होतात. मी त्यांना जेवणाबद्दल विचारत असते आणि चूर्ण त्यांच्या लेखी जेवणाचाच भाग असतो. म्हणून मी नेहमी विचारते: सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं, अगदी सगळं सांगा. काढे, चाटण, पावडरी, कोणी मित्राने आणून दिलेल्या बाटल्या, सगळं. गुळवेलही त्यात हमखास निघते. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली होती. तो वाद असो, पण ज्या माणसाला मेथोट्रेक्सेट चालू आहे त्याच्या यकृतावर आधीच ताण असतो. त्यात आणखी कशाचीही भर घालू नये, या मतावर मी ठाम आहे. याच कारणासाठी दारूही पूर्ण बंद.

मेथोट्रेक्सेट या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून मी आहाराच्या तक्त्यावर त्या वाराला लाल गोल करून देते. सोबत डॉक्टर फॉलिक अॅसिड देतात. तोंड आलं तर मऊ, गार, बिनतिखट: दहीभात, केळं, सायीचं दूध, गार केलेली खीर. काहींना ॲसिट्रेटिनसारखी अ-जीवनसत्त्वाच्या कुळातली औषधं असतात, काहींना बेक्सारोटिन. या औषधांनी रक्तातली ट्रायग्लिसराइड्स नावाची चरबी वाढते. बेक्सारोटिनने थायरॉइडही मंदावतं, आणि मग माणूस सुस्त होतो, त्याची भूक मरते. या रुग्णांना साखर, मैदा, तळण आवरायला सांगते आणि अ-जीवनसत्त्वाच्या गोळ्या व माशाच्या यकृताच्या तेलाच्या कॅप्सूल थांबवायला सांगते. गाजर, पपई खुशाल खावी.

साखरेचा विषय निघाला की मुलं मोबाइल पुढे करतात. साखर बंद केली की कर्करोग उपाशी मरतो, असा तो संदेश असतो. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं, ते खरंच आहे. पण माणसाने साखर, भात, पोळी सोडली तरी रक्तात ग्लुकोज राहतंच. शरीर ते स्नायू मोडून तयार करतं. पेशी उपाशी राहत नाहीत, माणूस राहतो. मधुमेह असेल, स्टेरॉइडने साखर वाढली असेल, तर बंधनं वेगळी. नाहीतर चहातल्या चमचाभर साखरेवरून घरात भांडणं करू नयेत.

उपासाबद्दल मी कुणाला दुखवत नाही. देवाधर्माचा या माणसांना मोठा आधार असतो. एकादशी करायची आहे? करा. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट दुप्पट घाला, सोबत दही घ्या, वरीच्या भाताबरोबर दाण्याची आमटी करा, राजगिऱ्याच्या लाह्या दुधातून खा. फक्त निर्जळी नको. ज्याच्या अंगातून पाणी उडतंय त्याने दिवसभर कोरडं राहणं धोक्याचं आहे. श्रावणात अंडी-मासे सोडणाऱ्यांना त्या महिन्यासाठी डाळी, पनीर, सोयाबीनचा वेगळा तक्ता देते.

संसर्गाचं भय या आजारात फार मोठं असतं. त्वचा फुटलेली, त्यातून जंतू सहज आत जातात, आणि आजार वाढलेल्या रुग्णांचे जीव बरेचदा संसर्गानेच जातात. म्हणून उघड्यावरचा उसाचा रस, कच्चं दूध, बाहेरची चिरलेली फळं, कच्ची मोड आलेली कडधान्यं मी बंद करते. मोड आलेली मटकी वाफवून खावी. इथे ‘बंद’ म्हणायला मला काही वाटत नाही, कारण त्यामागे कारण आहे.

बाहेरगावहून येणाऱ्यांचं खाणं हा एक स्वतंत्र विषय आहे. मुंबईत उपचार म्हणजे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर नातेवाइकाच्या एका खोलीत किंवा परळच्या फुटपाथवर. तिथे माझं पिठलं आणि धिरडी शिजवणार कशावर? त्यांच्यासाठी मी चूल न पेटवता होणारं लिहून देते: टपरीवरची उकडलेली अंडी, पिशवीतलं दूध तापवून, फुटाणे, शेंगदाणे, केळी, राजगिऱ्याची चिक्की, पाण्यात किंवा दुधात कालवलेलं सातूचं पीठ. गावाकडून येताना घरच्या शेंगदाण्याची चटणी बरणीभर आणा, असं फोनवरच सांगून ठेवते.

आणि एक गोष्ट वही-पेनाने सुटत नाही. काही घरांत या माणसाचं ताट-वाटी वेगळं केलेलं असतं. चट्टे बघून, खपल्या बघून, सून मुलांना आजोबांजवळ बसू देत नाही. आजोबाही समजूतदारपणे मागच्या पडवीत जेवतात आणि घास घास कमी करत जातात. हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने, एका भांड्यात जेवल्याने होत नाही. हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते, आणि लहान मुलं सोबत असतील तर मुलांनाही सांगते. एकट्याने जेवणारा माणूस कमी जेवतो, हे कुठल्याही घरात बघायला मिळेल.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना माझी विनंती आहे. एखादा पदार्थ बंद करण्याआधी डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञाला विचारा की हा का बंद करायचा. कारण सांगता आलं नाही तर तो ताटात राहू द्या. पुढच्या तपासणीला जाताना तीन दिवसांत तोंडात गेलेलं सगळं, काढे-चूर्णांसकट, एका कागदावर लिहून न्या. बहुतेक मोठ्या सरकारी आणि कर्करोगाच्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतो. तुमच्या डॉक्टरांनी पाठवलं नसेल तर त्यांच्याकडून चिठ्ठी मागून घ्या.